मागच्या कार्ब्युरेटरची ओढ

दोन कार्ब्युरेटरचं इंजिन म्हणजे एका चुलीवर दोन जावा. दोघी गुणाच्या, पण एकीनं जास्त ओढून घेतलं की सगळं घर धुसफुसतं. म्हणून दोघांची ओढ सारखी करावी लागते. मी ती कानानं करते. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत शिरणाऱ्या हवेचा फुत्कार दोन्हीकडे सारखा आला की झालं. हे मला कुणी शिकवलं नाही. गाड्या बिघडवत बिघडवत शिकले.

ही गाडी दादाची. रोज रस्त्यावर पळवायला म्हणून त्यानं हौसेनं बांधली, आणि त्याची फुप्फुसंच थकली. आता तो गॅरेजला लागून असलेल्या खोलीत पडून असतो. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. त्याचं मागणं एकच: गाडी एकदा एका सुरात चालताना ऐकायची.

दुपारी इंजिन तापवलं. पुढचा कार्ब्युरेटर ठीक होता. मागच्याला नळी लावली आणि थबकले. फुत्कार आत जात होता, थांबत होता, मग बाहेर येत होता.

कार्ब्युरेटर हवा ओढतो. असा सावकाश सोडत नाही. इंजिन भरभर धडधडत होतं आणि हे मात्र संथ चाललं होतं, मध्येच अडखळत.

नळीला चीर असेल म्हणून नळी बदलली. तेच.

"मागचा जास्त ओढतोय!" खोलीतून दादा. "बहिरी झालीस का गं?"

"तू पडून राहा, उस्ताद."

मागच्याचा स्क्रू केसभर सैल केला. फुत्कार खाली गेला.

"ताई!" वहिनीची हाक. "अहो, ह्यांचा श्वास अडकतोय!"

स्क्रू परत फिरवला. आत शांत झालं.

योगायोगावर माझा फार विश्वास. तो तपासायला म्हणून पुन्हा सैल केला, अगदी कणभर.

"ताई, ओठ निळे पडताहेत!"

झटकन उलटा फिरवला. सूर जुळवायचा तर मागचा कमी करायचा, नाहीतर पुढचा वाढवायचा. मागच्याला कमी करायला माझा हात धजेना. उलट तो आणखी जरा उघडला, आणि पुढचा हळूहळू त्याच्या बरोबरीला आणला. माझी छाती भरून आल्यासारखी झाली. धुरानं असेल, म्हणून शटर पूर्ण वर केलं.

इंजिनाची थरथर गेली.

"जमलं बघ," दादा म्हणाला. आवाज मोकळा.

थोड्या वेळानं वहिनी दारात आली, डोळे पुसत. "गाढ झोपलेत. असा सरळ श्वास कधी घेतला होता, आठवत नाही. बंद करता ना आता गाडी?"

"थांब जरा, वहिनी."

पुढचा एकदा तपासायचा राहिला होता. नळी कानाला लावली. नीट ऐकू यावं म्हणून श्वास रोखला.

पुढचा कार्ब्युरेटर गप्प झाला.