दोघांची साक्ष

बीजघराला अध्यक्ष नव्हता, सचिव नव्हता, कार्यालयही नव्हतं. गावरान बियाणं जपणारी तीनेकशे माणसं आपापल्या फोनवर जोडलेली, एवढंच. कुणीही प्रस्ताव मांडावा, ज्याला पटणार नाही त्यानं हरकत घ्यावी, आणि हरकत मिटली की प्रस्ताव मंजूर. शहरात क्रांती चौकाजवळ राहणारी सावनी हे प्रस्ताव लिहायची आणि झकास लिहायची. पण त्यांना धार यायची ती मालनबाईंच्या हरकतीनं. देवगाव रंगारीच्या या बाई आवाजात निरोप पाठवत आणि सावनीनं आठवडाभर घासूनपुसून लिहिलेल्या मजकुरातलं भोक बरोबर दाखवत. सावनीचा त्यांच्यावर फार जीव होता. भेट मात्र कधी झाली नव्हती.

यंदा कन्नड गावातली, सगळ्यांचं बियाणं ठेवलेली थंड खोली हातची जायची वेळ आली. खोली देणारी संस्था म्हणाली, सगळे सभासद खरे आहेत हे दाखवा, नाहीतर बियाणं उचला. ऐन उन्हाळ्यात ते बाहेर काढणं म्हणजे त्याची माती करणं. सावनी लिहायला बसली. ‘हयात माणसांनाच सभासदत्व’ असं तिनं लिहिलं, मग ते फार सरकारी वाटलं म्हणून ‘हयात’ खोडून ‘ओळख पटलेल्या’ केलं आणि प्रस्ताव मांडला.

लगेच मालनबाईंचा निरोप आला. "हयात खोडलं ते लई ब्येस केलं, पोरी. पर कागद मागू नको. कागद कुणीबी आणतंय. ज्यांनी डोळ्यानं पाह्यलं, अशा दोघांची साक्ष माग."

सूचना इतकी चोख होती, की सावनीनं आधी ती प्रस्तावात घातली आणि मग तिच्या अंगावर काटा आला. खोडलेला शब्द तिच्या फोनबाहेर गेलाच नव्हता.

बीजघराची सगळी यंत्रणा गोकुळनं उभारलेली. तिनं त्याला फोन लावला.

"खोडलेलं कुणालाच दिसत नाय, ताई," तो म्हणाला आणि घुटमळला. "आन् त्या बाईंचं खातं मी उघडलेलं नाय. सगळ्यात पहिलं तेच हाय. माझ्याबी आधीचं."

प्रस्ताव मंजूर झाला. संस्थेनं दिलेल्या मुदतीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या साक्षी आल्या. राहिल्या एकट्या मालनबाई. त्या कोण का असेनात, बीजघर त्यांच्या डोक्यानं उभं होतं, आणि आता सावनीच्याच नियमानं त्या बाहेर पडणार होत्या. तिला रडू आलं. खोटी साक्ष द्यावी असंही मनात येऊन गेलं. पण ते मालनबाईंनाच चाललं नसतं. तिनं फोन उलटा ठेवला.

फोन वाजला. साक्षीचा निरोप होता, देवगावच्या फकिराच्या आवाजात; तोही सभासदच.

"मालनबाई सकाळीच आल्त्या. बियाण्याची कणसं पाह्यली, दोन गोष्टी बोलल्या, गेल्या."

एक झाली.

दुसरी लगोलग आली.

"मालनबाई आत्ताच येऊन गेल्या. मी चहा केला."

आवाज सावनीचा होता.

मालनबाईंच्या नावापुढं ‘ओळख पटली’ असं उमटलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन कप होते, दोन्ही रिकामे, दोन्ही अजून कोमट.

आणि मघापासून तिच्या जिभेवर चहातलं आलं चुरचुरत होतं.