सोळा मार्कांची थोरली

मार्च महिन्यात दुपारी शिवाजी पेठेतून चालायचं म्हणजे शिंकत चालायचं. घरोघरी वर्षाच्या चटणीची तयारी सुरू असते. १९९९ साली आमच्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे आक्कांनी, अंगणात चादरी पसरून ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळत घातली होती. त्या मिरच्यांच्या कडेला खुर्ची टाकून मी एक इंग्रजी कादंबरी मोठ्यानं वाचत होते. मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. कादंबरीशी माझा संबंध येण्याचं खरं तर कारण नव्हतं.

कारण होती दीप्ती. ही आक्कांची भाची, मुरगूडची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीचा पेपर दोनदा राहिलेला. तिच्या वडिलांनी, केरबांनी, सांगून टाकलं होतं की यंदा पेपर निघाला तर बी.एड.ला घालतो, नाही निघाला तर पन्हाळ्याचं स्थळ. स्थळ म्हणजे लॉजवाला, चाळिशी ओलांडलेला, बिजवर. दीप्तीनं त्याला एकदा पाहिलं होतं. त्याबद्दल ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मला पास करा."

मी म्हटलं, मी भौतिकशास्त्राची.

"पर ते इंग्लिशमधनंच शिकलायसा न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग झालं की."

कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची, भुताटकीची. नदीकाठी एक दगडी घर. घराच्या मालकाची पहिली बायको पहिल्याच प्रकरणात नदीत बुडून मरते. मालक दुसरं लग्न करतो. मग जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची रोज संध्याकाळी आपोआप मागं सरकू लागते, आणि सरतेशेवटी दुसरी बायको वेडी होते. नावं इंग्रजी होती, ती आक्कांना पेलवेनात. म्हणून पहिली ती थोरली, दुसरी ती धाकटी, आणि नवरा तो मालक. घरात एक कुजकट कारभारीण होती. तिला आक्कांच्या शेजारणीनं, बायडाबाईंनी, झुंबरबाई म्हणायला सुरुवात केली, कारण गल्लीतल्या झुंबरबाई अगदी तशाच होत्या.

मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. दीप्ती लिहून घ्यायची. आक्का आणि बायडाबाई मिरच्यांचे देठ खुडत ऐकायच्या.

"खुर्ची मागं सरकली," मी सांगितलं. "धाकटी किंचाळली."

"का?" बायडाबाईंनी विचारलं.

"खुर्ची आपोआप सरकली म्हणून."

"आवं, ती जेवाय आली. त्यात किंचाळायचं काय? ताट वाढायचं."

"बायडाबाई, ती मेलेली आहे."

"मग? मेलेल्याला भूक नसती व्हय? पितरांस्नी घास ठेवतो न्हवं आपण?"

आक्कांनी गळ्यातलं मंगळसूत्र पुढं ओढलं. त्यात चांदीचा एक छोटा टाक होता, झिजलेला, त्यावर बाईचा आकार. पहिली बायको गेल्यावर दुसरीनं तिचा टाक करून गळ्यात घालायचा, ही इथली रीत. आक्का दुसरेपणाच्या आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ही आमच्या मालकांची पयली," त्या म्हणाल्या. "आधी कुंकू हिला, मग मला. नवं लुगडं आलं की आधी हिच्या नावानं घडी मोडायची. लगीन झाल्यापासनं घिऊन फिरतोय. कवा भांडली न्हाय. जित्या सवतीपरीस बरी." मग पुस्तकाकडे बोट करून म्हणाल्या, "त्या इंग्रजानं टाक केला न्हाय. म्हणून ही खुर्च्या सरकवत बसलीया."

दीप्तीनं ते लिहून घेतलं. मी खोडायला लावलं. तिच्या गाईडमध्ये स्पष्ट छापलं होतं की थोरली हे दडपलेल्या स्त्रीमनाचं प्रतीक आहे, आणि मार्क त्यालाच मिळणार होते.

"प्रतीक म्हंजे?" आक्कांनी विचारलं.

"म्हणजे लिहिलेलं एक असतं आणि अर्थ दुसरा असतो."

"मग त्यानं दुसरंच का लिवलं न्हाय?"

शास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न रास्तच वाटतो.

इथं एक सांगायला हवं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि देव्हारा पंचगंगेत सोडला. टाक, ओटी, पितरं यांतलं काही मी लहानपणी पाहिलेलं नाही. आक्कांना ते माहीत होतं, आणि त्या कधी आग्रह करत नसत. "तुमच्यात न्हाय चालत ते," त्या म्हणत. "तुम्ही नुसतं वाचा."

दुसऱ्या दुपारी मी पुढचं प्रकरण उघडलं. कादंबरी मी फेब्रुवारीत एकदा पूर्ण वाचून काढली होती, आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे. या प्रकरणात धाकटी जेवणघराला कुलूप लावते, हे मला पक्कं आठवत होतं. पण पानावर लिहिलं होतं की धाकटीनं स्वयंपाकिणीला आणखी एक ताट मांडायला सांगितलं आणि ते सरकलेल्या खुर्चीपुढं ठेवलं.

मी थांबले. ओळ परत वाचली.

"काय झालं, मॅडम?" दीप्तीनं विचारलं.

"तिनं ताट वाढलं."

"शानी हाय," बायडाबाई म्हणाल्या आणि पुढची मिरची उचलली.

मी माझीच चूक धरली. इंग्रजी साहित्य हा माझा विषय नाही. घाईत वाचताना एखादं वाक्य निसटतं. पण नंतरच्या प्रकरणात धाकटीनं शिवून आलेला नवा झगा घालण्याआधी त्या खुर्चीवर पसरून ठेवला, आणि आक्कांनी समाधानानं मान हलवली. बायडाबाई म्हणाल्या, त्या झुंबरबाईला आधी घालवा. दोनच पानांनंतर कारभारीण सामान बांधून बहिणीकडे निघून गेली. त्या दिवशी बायडाबाई गल्लीतून जरा ताठ मानेनं गेल्या, आणि खऱ्या झुंबरबाईंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"रोज ते पांढरं सूप काय पितात," जाता जाता बायडाबाई म्हणाल्या होत्या. "तांबडा रस्सा करा म्हणावं."

पुढच्या प्रकरणात सूप लाल होतं.

"बीट असेल," मी म्हटलं.

"बीट न्हवं," आक्का म्हणाल्या. "पुढं वाचा, कुणाला ठसका लागला का बघा."

मी पान न उलटता पुस्तक मिटलं.

शनिवारी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून त्याच कादंबरीची दुसरी प्रत काढली. प्रकाशक तोच, आवृत्ती तीच. वाचनकक्षात दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी पानं जुळवली. कॉलेजच्या प्रतीत धाकटी किंचाळत होती, कुलूप लावत होती, सूप पांढरं होतं. दीप्तीच्या प्रतीत ती ताट वाढत होती. कागद, अक्षरांचा ठसा, पानांचे आकडे, सगळं सारखं. पंख्याच्या वाऱ्यानं दोन्ही पुस्तकांची पानं फडफडत होती. दीप्तीच्या पुस्तकाला चटणीचा वास होता. निरीक्षणानं निरीक्षिलेली गोष्ट बदलते, हे मी बारावीच्या मुलांना सांगते. पण ते इलेक्ट्रॉनबद्दल.

शक्यता अशा होत्या की छपाईत काही गोंधळ झाला असावा, किंवा माझ्या डोक्यात. दोन्हींवर विचार करायला वेळ नव्हता. परीक्षा तोंडावर होती, आणि पेपर तपासणारा त्याच्या पुस्तकाप्रमाणे तपासणार होता. दीप्ती भलतंच पुस्तक शिकत होती. ताटाबिटाचं लिहून आली असती तर थेट पन्हाळा.

म्हणून मी दीप्तीची प्रत कपाटात ठेवली आणि कॉलेजच्या प्रतीवरून घोकंपट्टी सुरू केली. थोरलीच्या मृत्यूवर सोळा मार्कांचा प्रश्न नक्की, असं सगळी गाईडं सांगत होती. बुडण्याचा परिच्छेद मी रोज वाचू लागले. काठावरचं शेवाळ, पाय घसरणं, अंगावरचे जड कपडे, तोंडात शिरणारं पाणी. दीप्तीला पाठ होईपर्यंत, एका दुपारी कितीतरी वेळा.

"किती येळा बुडवताय तिला?" आक्कांनी एकदा विचारलं.

"परीक्षेला येणार आहे, आक्का."

"तिला म्हाईत हाय का परीक्षेला येणार हाय ते?"

एप्रिलचं ऊन होतं, अंगणातली फरशी पाय भाजेल अशी. तरीही तो परिच्छेद वाचताना माझे घोटे गार पडत. बहुधा कुणीतरी सडा घातला असेल. खाली पाहिलं की फरशी कोरडी असायची.

पेपर झाला. दीप्ती शांत चेहऱ्यानं घरी आली आणि दही-भात जेवून झोपली. प्रश्न आला होता. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, "निकालाला सांगतो."

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत एकाहत्तर, कॉलेजात पहिली. केरबा मुरगूडहून पेढे घेऊन आले आणि बी.एड.च्या प्रवेशाचं स्वतःहून बोलले. पन्हाळ्याच्या पावण्यांना नकार गेला. बायडाबाईंनी तांबडा रस्सा केला. मी शाकाहारी आहे हे लक्षात ठेवून आक्कांनी मला वेगळी आमटी वाढली.

जेवण झाल्यावर दीप्ती माझ्या खोलीत आली.

"मॅडम, रागवायचं न्हाय."

"कॉपी केलीस?"

"कॉपी न्हाय म्हणता येणार." ती पदराशी चाळा करत राहिली. "माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई हुत्या. एक्स्टर्नलवाल्या असतील म्हटलं. केस ओले, नुकतंच न्हाऊन आल्यागत. मी लिवलं, थोरली नदीत बुडून मेली. तर त्या हळूच म्हणाल्या, खोड ते."

"पर्यवेक्षकांनी पाहिलं नाही?"

"बघितलं की. सरांनी त्यांस्नी पुरवणी आणून दिली. त्या काय लिवतच नव्हत्या."

"बोलल्या कुठल्या भाषेत?"

"पेपर चालू असताना भाषा कोण बघतंय, मॅडम?"

खिडकीबाहेर रिक्षा गेली. मी तिला पुढं सांगायला सांगितलं.

"मी म्हटलं, कुणीतरी बुडाय पायजे, न्हायतर गोष्ट पुढं कशी सरकायची? तर म्हणाल्या, वाचणारीला बुडू दे. तिनं मला लई येळा बुडवलंय."

"मग?"

"मग मी तसंच लिवलं. चार पानं. खरं म्हंजे वाचणारीच बुडती म्हणून." ती माझ्याकडे आशेनं पाहत होती. "आणि मार्क पडलं की. म्हंजे बरोबरच असंल. प्रतीक हाय न्हवं ते?"

"असावं," मी म्हटलं.

दीप्ती बी.एड.ला गेली. कपाटातली तिची प्रत मी उघडली नाही. कॉलेजची प्रत मुदतीत परत केली.

मी घाबरले असं म्हणणार नाही. एखाद्या गोष्टीची शक्यता अगदी थोडी असली तरी खबरदारी घेण्यात अंधश्रद्धा नाही. आपण हेल्मेट घालतो ते याच तत्त्वावर. मला पोहता येत नव्हतं. जुलैमध्ये मी बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. तलाव घरापासून जवळ होता. मी चालत जायची, एकटीच. शिकवणाऱ्या बाई पैलवानांच्या घरातल्या, आवाज खणखणीत. पहिला आठवडाभर मी कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभी होते.

"लई अंग ताठ धरता मॅडम तुम्ही," त्या काठावरून म्हणाल्या. "पाणी काय खात न्हाय. तुमच्यासंगं रोज येतात त्या बाईंकडनं शिका की जरा."

मी मागं पाहिलं. तलावाचं पाणी सपाट होतं.

"दम बघा किती हाय त्यांचा," बाई कौतुकानं म्हणाल्या. "मघाशी खाली गेल्यात, त्या अजून वर आल्या न्हाईत."