उजवीकडची घसरण

टेनिसचा चेंडू जाळीखालून निसटून शेजारच्या कोर्टवर गेला, त्याच्यामागे ब्रिसा गेली, आणि म्हणून तिला ते दिसलं.

कोर्टच्या डाव्या बाजूला लाल मातीत लांबलचक खुणा होत्या. पाय घसरवत चेंडूपर्यंत पोचलं की उमटतात तशा, शेपटी ओढलेल्या स्वल्पविरामासारख्या. उजवीकडे मात्र एकही नव्हती. तिथे नुसती पावलांची गिचमिड. कुणीतरी धावत आलंय आणि ऐनवेळी बिचकून थांबलंय... पुन्हा पुन्हा.

"चेंडू न्यायला आलीस की पंचनामा करायला?"

घोटभर पाणीही न पिता तो माती सारखी करायची जड जाळी ओढत येत होता. उंच, उन्हाने रापलेला, भुवईवर लाल धुळीची रेघ. क्लबमध्ये नवा. कोन्कोर्दिया शहरातून आलेला लिसान्द्रो तो हाच असणार, सगळे ज्याला लिचा म्हणतात तो.

"उजवीकडे घसरत नाहीस तू," ती म्हणाली.

"घसरतो की. तुझं लक्ष नव्हतं."

"माझं नव्हतं. मातीचं होतं."

जाळी तिच्या पायांपुढून सरकली आणि गिचमिड पुसून गेली. मग तो थांबून हसला, पण डोळे हसले नाहीत.

"आणि तू गं? येर्बाच्या कडू चहाचा तुंबा बाकावर ठेवून वरून पाणी ओततेस. अख्खं पाराना शहर तुंबा डाव्या हातात धरतं. काय झालंय त्या मनगटाला?"

तिने डावा हात पाठीमागे नेला. उशीर झाला होता.

"काही नाही."

"मग मलाही काही नाही," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये ब्रिसाचे बाबा असंच म्हणाले होते, छातीवर तळवा ठेवून. काही नाही, स्नायू ओढला गेलाय जरा. ते गेले त्या दिवशीचा त्यांचा शर्ट आईने अजून धुतला नव्हता. ब्रिसा याबद्दल कुणाशी बोलत नसे. पण ते दोन शब्द कुणाच्याही तोंडून आले, अगदी स्वतःच्याही, तरी तिचे हात गार पडायचे.

पुढच्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी दोघांना मिश्र दुहेरीत एकत्र टाकलं.

"काडी, मधला चेंडू माझा!" लिचा ओरडायचा. हडकुळ्या ब्रिसाला त्याने पाडलेलं नाव.

"तुझा होता तर झोपला होतास का?"

"तुझ्याकडे बघत होतो."

"मग हरू आपण."

"हरलो तर हरलो..."

ती उजव्या बाजूला उभी राहायची, तो डाव्या. मधला चेंडू म्हणजे तिचा दोन्ही हातांचा फटका. तो बरोब्बर तोच ओढून घ्यायचा, तिच्या मनगटाला त्रास नको म्हणून. आणि उजवीकडे लांब काही गेलं की जीव खाऊन ती पळायची, त्याला तिकडे जावं लागू नये म्हणून. दोघंही यावर अवाक्षर बोलले नाहीत. बाकांवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलणारे म्हातारे म्हणायचे, काय जमलीय जोडी, जणू लहानपणापासून एकत्र खेळतायत! ब्रिसाला ते ऐकून आधी सुख वाटायचं आणि लगेच भीती वाटायची. ही जोडी म्हणजे एकमेकांच्या भोकांवर लावलेली ठिगळं होती, आणि हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

शेवटी तिने नोर्माबाईंना गाठलं. नोर्माबाई क्लबमधल्या खेळाडूंचे सांधे आणि स्नायू बघत. हात लोखंडासारखे, जीभ त्याहून कडक.

"माझा एक मित्र आहे," ब्रिसा म्हणाली. "त्याच्या जांघेत दुखतं. रात्री कुशीवर वळलं तरी."

"सगळ्यांनाच मित्र असतो," नोर्माबाई टॉवेलची घडी घालत म्हणाल्या. "पोरींचं मनगट, खांदा, पोटाचे स्नायू. पोरांची जांघ, खुबा, पाठ. पुस्तकात हा एवढाच फरक दिलाय. माझ्या खोलीत दुसराच दिसतो. पोरी आपल्या पायांनी येतात, पोरांना उचलून आणतात. तुझा मित्र कुठवर आलाय?"

"तो... बधिर करायची सुई घेऊन खेळायचं म्हणतोय. आणि त्याने कुणाला सांगू नको म्हटलंय."

नोर्माबाईंचे हात थांबले.

"सुईने दुखणं जात नाही, पोरी. त्याचं तोंड दाबलं जातं तेवढं. खुब्याच्या हाडाला चीर असेल आणि त्यावर असा खेळला, तर हाड मोडेपर्यंत त्याला कळणारही नाही."

खरं तर लिचाने ते तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, नदीकाठच्या पायऱ्यांवर. भुरभुर पाऊस होता. पारानाचं पाणी तपकिरी, जड. त्याने आपलं जाकीट दोघांच्या डोक्यावर धरलं होतं आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागून होता, जरा जास्तच वेळ.

"रविवारी आपल्या फायनलला जर्मनीच्या एका क्लबचा माणूस येतोय," तो म्हणाला. "त्याला आवडलो तर उन्हाळाभर तिकडे खेळायला मिळेल. कोन्कोर्दियात मला काय म्हणतात माहितीये? काचेचा. दर वर्षी काहीतरी फुटतं माझं. या वेळी नाही. दुपारी सुई घेईन आणि संध्याकाळी खेळेन."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. तू कुणाला सांगणार नाहीस. शब्द दे."

पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवर थांबलं होतं. नाही म्हणायचं तिने ठरवलं होतं... पण तोंडातून निघालं, "दिला."

रविवारी लिचा आला तोच उड्या मारत. चेहरा उजळलेला, चाल मोकळी. ब्रिसाने त्याला असं चालताना कधी पाहिलंच नव्हतं. किती देखणा चालतो हा, तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ अंगावर काटा आला.

"अशी काय बघतेस? भूत पाहिल्यासारखी?"

"काही वाटतंय तुला? पायात?"

"काहीच नाही. पीस झालाय नुसता!"

बाकांवर गर्दी होती. आई वरच्या रांगेत बसली होती. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच सामना बघायला आली होती. फिकट टोपी घातलेला जर्मनीचा माणूस पुढे होता.

खेळ सुरू झाला. पहिले काही गुण नीट गेले. मग समोरच्या मुलीने ब्रिसाच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला, उजव्या कोपऱ्यात. तो ब्रिसाचा होता. ती वळेपर्यंत लिचा अख्खं कोर्ट ओलांडून तिथे पोचला होता. उजवा पाय पुढे टाकून तो घसरला... लांब, सरळ, मऊ. चेंडू परतला. बाकांवरून आरोळी उठली.

ब्रिसाने मातीकडे पाहिलं. उजवीकडे ती खूण होती, तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही खुणेपेक्षा लांब आणि सुंदर. आत काहीतरी तुटत असेल आणि त्याला पत्ताही नसेल. तो तिच्याकडे बघून हसत होता. बाबाही त्या दिवशी हसलेच होते.

पुढचा चेंडू पुन्हा तिकडेच जाणार, हे समोरच्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

लिचाबद्दल बोलायचं नाही, असा तिने शब्द दिला होता. स्वतःबद्दल तसा शब्द कुणी मागितला नव्हता.

ती रॅकेट खाली ठेवून पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेली.

"माझं डावं मनगट दुखावलंय," ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "कधीपासूनच. आज मला खेळता येणार नाही."

वरच्या रांगेत आई ताडकन उभी राहिली. लिचाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"काय चाललंय तुझं? ब्रिसा! अगं, एवढा एक सामना..."

"खोटं वाटतं का? हा बघ." तिने पट्टी सोडली. मनगटाची बाहेरची कड सुजून जांभळी पडली होती. त्याने पाहिलं आणि पुढचे शब्द गिळले.

जोडी बाद झाली. फिकट टोपी उठून फाटकाकडे गेली.

अंधार पडला. नोर्माबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघं बसले होते, तिचा हात फळीला बांधलेला, मध्ये एका माणसाची जागा. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती, माती गडद होत होती.

"विकलंस मला," शेवटी तो म्हणाला.

"तुझ्याबद्दल एक शब्द तरी बोलले का?"

"तेच तर. स्वतःला पुढे करून मला पाडलंस."

"हो."

"तुझा मोसम गेला, काडी. संघातली निवड गेली."

"गेली."

"का पण?"

ती फळीची गाठ घट्ट करू लागली. तो वैतागून उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. सुईचा अंमल उतरला होता. चेहरा पांढराफटक पडला, हात बाकाच्या कडेवर आवळला गेला.

"ब्रिसा..." आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पाय टेकत नाहीये. मला भीती वाटतेय."

"मला पहिल्या दिवसापासून वाटतेय."

"माझ्या पायाची?"

"पाय गेला खड्ड्यात. तू नसशील याची."

आतून नोर्माबाई ओरडल्या, "येताय का दोघं? की मी जाऊन झोपू?"

हाडाचा फोटो उद्या निघणार होता. त्यात काय दिसेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रिसाने उजवा हात त्याच्या काखेतून घातला, त्याचं डोकं आपल्या खांद्यापाशी आणलं. त्याच्या केसांना लाल धुळीचा वास येत होता.

"ऊठ, जाड्या. हळू."

तो होता बरगड्या मोजता याव्यात असा. दुखत असूनही त्याने मान वळवली.

"जाड्या? आपल्याकडे बायका हे नवऱ्याला म्हणतात."

"माहितीये मला," ती म्हणाली. "टाक भार."

त्याने टाकला.