उष्टा डबा

ही घटना माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडली आहे. रंगवून सांगायची मला हौस नाही. पण घडलं ते घडलं.

दादा पायलट आहे. छोटं मालवाहू विमान चालवतो. गेल्या वर्षी, पानगळ संपता संपता, तो एका आडबाजूच्या विमानतळावर अडकला होता. दाट धुकं, वरून रिपरिप. दुपारीच दिवे लावायची वेळ आलेली.

दुसऱ्या दिवशी तो, वहिनी आणि त्यांची चिमुरडी समुद्रावर सुट्टीला जाणार होते. कितीतरी वर्षांनी. पोरगी बॅगेवर ठाण मांडून बसलेली. सारखा फोन.

"बाबा, निघालास का?"

"धुकं गेलं की उडालोच बघ."

पायलटांच्या खोलीत तो आणि त्याचा को-पायलट, दोघंच. कळकट सोफा. खुंट्यांवर ओले कोट, त्यांचा कुबट वास.

जेवणाचे सीलबंद डबे आले. दोन्ही पायलटांनी एकच जेवण खायचं नाही, असा त्यांच्याकडे नियम. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा तरी धड हवा. म्हणून दादाला मासे-भात, को-पायलटला भाजी-पाव.

को-पायलटने डबा चाटूनपुसून संपवला आणि विमान बघायला बाहेर गेला.

दादाने स्वतः सील फोडलं. लेकीशी फोनवर बोलत दोन-चार घास घेतले. फोन ठेवला, पुढचा घास घेतला...

आणि थांबला.

भात कोमट होता. चावायची गरजच नव्हती.

त्याने डबा दिव्याखाली धरला. झाकणापासून भातापर्यंत लाळेची तार लोंबत होती. सगळा भात चावलेला. मासेसुद्धा. चावून, पुन्हा नीट थापून ठेवलेले.

शी!

दादा कचऱ्याच्या टोपलीत भडाभडा ओकला. तेवढ्यात...

मचक... मचक... मचक...

कोटांच्या मागे कोणीतरी तोंड उघडं ठेवून खात होतं.

"ए, बंद कर हा घाणेरडेपणा!" दादा ओरडला. त्याला वाटलं, को-पायलटच मस्करी करतोय.

मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली. को-पायलट लांब, विमानाच्या चाकाशी वाकलेला होता.

दादाने एकेक कोट बाजूला केला. मागे नुसती भिंत. तोंडाच्या उंचीवर... ओली.

आवाज थांबला. आणि कोणीतरी घास गिळला. अगदी त्याच्या कानाशी.

को-पायलट आत आल्यावर दादाने विचारलं, "तुझं जेवण कसं होतं रे?"

"लगदाच होता सर. पावसुद्धा. वाटलं, इथे असंच करत असतील."

दादाने आपला डबा पुढे केला. बिचारा पांढराफटक पडला.

नियम वेगळ्या जेवणाचा होता. पण दोघांच्या पोटात एकाच तोंडचं उष्टं गेलं होतं.

संध्याकाळी धुकं उठलं. दोघांनीही उडायला साफ नकार दिला. विमान दुसऱ्यांनी नेलं. स्वयंपाकघरातले लोक शपथेवर सांगत होते, डबे ताजेच भरले होते.

दादा गाडीने घरी आला. सुट्टीला निघायच्या आधी, अगदी वेळेवर. आणि दारातच म्हणाला, "तुम्ही दोघीच जा."

पोरीने आकांत केला. वहिनी भडकली. "अहो, कबूल केलं होतंत ना तिला?"

तो तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. शेवटी त्या दोघीच गेल्या.

मला त्याने सगळं नंतर सांगितलं. मी वैतागले, "अरे, पण गेला का नाहीस? पोट काय, दोन दिवसांत बरं होतं."

"पोटाला काही नाही झालं गं," तो म्हणाला. "पण पोरीला माझ्याच ताटातलं लागतं. माझ्या हातातला अर्धा घास ओढून खाते. आणि मी... जेवताना मी चावायचं थांबवतो. तोंड थांबत नाही."

त्याने आपला अर्धा चहा माझ्याकडे सरकवला. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. तरी मी उठले आणि तो चहा बेसिनमध्ये ओतला.

दादा बघत होता.

त्याचं रिकामं तोंड हलत होतं.