तीनदा मिटलेले ओठ

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका गोदामावर दोन खोल्या होत्या. तिथं काकासाहेबांचा स्टुडिओ चालायचा. कारखान्यांना कामगारांना दाखवायला लहान लहान फिल्म लागायच्या, त्या काकासाहेब करून द्यायचे. दीड वर्षापूर्वी त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि पुंजारामला त्याच्यापुढं बसवलं. पुंजारामनं पन्नाशी ओलांडली होती. त्याआधीची बरीच वर्षं त्यानं सिनेमाची पोस्टरं रंगवली होती.

सध्याची फिल्म प्रेस मशीनवरच्या अपघातांची होती. तिच्यात भिकनमामा नावाचा एक जुना कामगार काढलेला होता. निळे कपडे, जाड मिशा. मशीनजवळच्या बाकावर बसून तो नव्या पोरांना सांगायचा, हात आत घालू नका, जाळी काढू नका.

"मामा खांबासारखा बसलाय राव," काकासाहेब म्हणाले. "आणि तोंड एकीकडं, बोलणं दुसरीकडं. कंपनीवाले हसले. सोळा तारखेला परत दाखवायचंय. जरा जीव घाल त्याच्यात."

"ब आणि म ला ओठ मिटत नाहीत," पुंजाराम म्हणाला. "करतो."

कॉम्प्युटरमध्ये मामाच्या तोंडाचे नऊ आकार होते. एक नंबर म्हणजे मिटलेले ओठ, दोन म्हणजे आ, असे. टेपवरचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं, आरशात बघून स्वतः म्हणायचं आणि कुठल्या चित्राला कुठला नंबर ते तक्त्यावर लिहायचं. टेबलावरचा आरसा सारजाबाईचा होता. घरी तो कुणाला लागत नव्हता.

सारजाबाई त्याची बायको. दिवाळीनंतर ती गेली. घशाचा आजार होता. ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि शेवटचे सात महिने ती नुसत्या ओठांनी बोलली. पुंजाराम तेवढ्यात ते वाचायला शिकला. काही सांगायचं असलं की ती आधी खाटेवर बोटांनी दोनदा ठोकायची. मग भिंतीकडं सरकून त्याला बसायला जागा करायची. ओठांचा डावा कोपरा जरा आत ओढायची, आणि मग बोलायची.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारीही तिनं दोनदा ठोकलं होतं. पुंजारामला चार रात्रींची झोप नव्हती. त्यानं स्टुलावरूनच डोळे अर्धे उघडले. तिचे ओठ तीनदा मिटलेले तेवढे दिसले. काय म्हणाली ते वाचता आलं नाही. परत विचारायचंही त्राण नव्हतं. तो म्हणाला, "व्हय."

तिचा चेहरा सैल झाला. तासाभरात ती गेली.

आपण कशाला व्हय म्हणालो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. दोन महिने तो भाजी चिरताना, दाढी करताना तीन वेळा ओठ मिटतील अशी वाक्यं म्हणून बघायचा. मला पाणी पाजा म्हणाली असेल. माझ्या पोरीला बोलवा म्हणाली असेल. काहीच बसत नव्हतं.

पंधरा तारखेला शहरात बंदोबस्त होता. आदल्या दिवशी, संक्रांतीला, विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं होतं. कुठं गुलाल उडाला होता, कुठं दुकानांची शटरं खाली होती. बस नव्हत्या. पुंजाराम मुकुंदवाडीहून चालत आला आणि स्टुडिओ उघडून एकटाच बसला. खालचं गोदाम बंद होतं. रंगाचा वास तेवढा वर येत होता.

त्यानं पहिलं वाक्य लावून बघितलं. ओठ टेपशी बरोबर जुळले. पण बोलायच्या आधी मामाच्या ओठांचा डावा कोपरा आत ओढला गेला.

पुंजारामनं तक्ता बघितला. तिथं एक नंबर होता. सरळ मिटलेले ओठ. नऊ आकारांत कोपरा ओढलेला आकारच नव्हता. सत्तावीस वर्षं एका माणसाबरोबर काढली की आपलं तोंडही तसंच होत असेल, आरशात बघून काढताना हाताला तेच आलं असेल, असं त्यानं धरलं. आठवत मात्र नव्हतं.

चहा करून आला. दुसरं वाक्य लावलं.

मामानं बाकावर दोनदा बोटं ठोकली.

पुंजारामनं मामाच्या हातांचं काम अजून सुरूच केलं नव्हतं. ते दुपारनंतर करायचं होतं. त्यानं चित्रं एकेक करून मागं नेली. हात मांडीवर, हात मांडीवर, हात मांडीवर. परत चालवलं. बोटं उचलली, ठोकली, उचलली, ठोकली. आवाज नव्हता. टेपवर मामाचं बोलणं चालू होतं, "बाळांनो, मशीनला माया नसते."

त्यानं टेप बंद केली.

पडद्यावरचा मामा थांबला नाही. तो बाकावर एका अंगाला सरकला. हळू, दुखऱ्या माणसासारखा. त्याच्या बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

तक्ता दोनशे चाळीस चित्रांवर संपत होता. पडद्याच्या कोपऱ्यातला चित्रांचा आकडा दोनशे साठवर गेला.

खालच्या रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली. पुंजारामला उठून बटण बंद करता आलं असतं. तो उठला नाही. फार दमला होता. आणि त्याला बघायचं होतं.

जाड मिशांखाली डावा कोपरा आत गेला.

ओठ मिटले. उघडले. मिटले.

मग तिसऱ्यांदा मिटले.

या वेळी तो पूर्ण जागा होता. त्यानं सगळं वाचलं.

तुमीबी येताल ना मागून?

मामा त्याच्याकडं बघत राहिला. डोळे पुंजारामनंच काढलेले होते, दोन काळे ठिपके. ते काही विचारत नव्हते. उत्तर त्यानं दोन महिन्यांपूर्वीच दिलं होतं.

चित्र थांबलं.

जिना वाजला. आवाजाचं काम बघणारा कडुबा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन वर आला. कपाळावर गुलाल होता.

"पुंजारामकाका, तोंड गोड करा आधी! सोळा वर्षं लागली, पण झालं नामांतर. माझा बा असता ना, नाचला असता म्हातारा. दंगलीत आमचं घर जाळलं तवा म्हणला व्हता, राख झाली तरी नाव घेऊनच राहू." तो हसला, डोळे पुसले, आणि पडद्याकडं वाकला. "अरे वा! मामा लई झकास बसलाय आता. अक्षी जिता. पण असा कडंला का सरकवला? इथं कुणाला बसवायलाव?"

"कुणाला नाय," पुंजाराम म्हणाला.

कडुबा वाट बघत राहिला.

"कुणाला नाय रे, चुकून झालंय."

पेढा धरलेला कडुबाचा हात तसाच राहिला. त्यानं पुंजारामच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"काका, मस्करी नका करू," तो म्हणाला. "नुसते ओठ हलायलेत तुमचे. बोला की."