चौथं स्मरणपत्र

ढिगाऱ्यात एकच खुर्ची सापडली.

वेताची होती, एक पाय मोडलेला. बाकी सगळा विटांचा, चुन्याचा आणि गंजलेल्या सळ्यांचा ढीग. वर पहिल्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डाचं दार हवेत उघडत होतं. चार दिवसांपूर्वी त्या दाराबाहेर तीस फूट लांब गॅलरी होती.

चौकशी अधिकाऱ्यानं वर बघितलं, मग खाली.

"वॉर्डात पेशंट किती?"

"अठरा," वॉर्डातली मावशी म्हणाली.

"अठरा बायका आणि खुर्ची एक?"

"आठ होत्या, साहेब. आणि चौदा कुंड्या. दीड महिन्यापूर्वी दारावर कागद लागला. कुंड्या हलवा, खुर्च्या आत घ्या, एकच ठेवा. चौदाच्या चौदा कुंड्या मी एकटीनं जिन्यावरून उतरवल्या. माझ्या कमरेला विचारा."

"कागद कोणी लावला?"

"काय माहीत. 'आदेशावरून' असं लिहिलेलं, खाली सही नाही. म्हणजे मोठे डॉक्टरच. आदेश द्यायचा आणि सही करायची नाही, हे त्यांनाच जमतं."

दोघं वर वॉर्डात गेली. कागद अजून दाराच्या आतल्या बाजूला चिकटलेला होता. अधिकाऱ्यानं तो दोनदा वाचला. गॅलरीत एका वेळी दोनपेक्षा अधिक व्यक्तींनी थांबू नये. जड सामान हलवावे. तारीख मंगळवारची, बरोबर सात आठवड्यांपूर्वीची.

"मग त्या एका खुर्चीत कोण बसायचं?"

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "हेडक्लार्कची बायको. चालता येत नव्हतं तिला. दुपारी एक वाजला की ते वर यायचे, तिला जेवू घालायचे आणि उचलून खुर्चीत बसवायचे. स्वतः उंबरठ्यावर बसायचे. शिवणकाम करायची ती, आयुष्यभर. रस्त्यावरच्या लोकांचे कपडे बघत बसायची. 'अहो, त्याची बाही बघा, खांद्यात चुकलीय.' आणि ते म्हणायचे, 'पाठवू का त्याला एक स्मरणपत्र?' दोघं हसायचे. तेवढा एक तास ती आजारी नसायची बघा."

तीच गेली होती.

अहवाल पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. खाली फाटकाशी पोलीस बसून होते. बांधकाम खात्याची इंजिनिअर आधीच निलंबित होती. तिनं दुरुस्तीचं अंदाजपत्रक पाठवलंच नाही, म्हणून काम अडलं आणि गॅलरी पडली, असं इस्पितळाचं म्हणणं होतं. अहवालात तेच आलं, तर पोलीस तिला घेऊन जाणार होते.

ती औषधांच्या खोलीत एका खोक्यावर बसली होती. तिशीची असेल. हातात रुमालाचा बोळा.

"पद्धत सांगा मला," अधिकारी म्हणाला. "मी तिसऱ्या खात्याचा माणूस आहे."

"इमारत आरोग्य खात्याची, पैसा त्यांचा, काम आमचं. ते मागणीपत्र पाठवतात. आम्ही जागा बघतो, अंदाजपत्रक करतो, त्यांना देतो. ते संमतीपत्रावर सही करतात आणि निधी आमच्याकडे वर्ग करतात. मग काम सुरू."

"संमती आलीच नाही तर?"

"एक वीट हलत नाही."

"आली तर?"

"त्याच दिवशी जागा आमच्या ताब्यात. दाराला कुलूप. काम संपेपर्यंत कोणी तिकडे जायचं नाही. या कामाला सहा महिने लागले असते."

"तुमचं अंदाजपत्रक इथं आलंच नाही म्हणतात."

"मी स्वतः आणलं, सर. सोमवारी, दुपारी दीडला. टपालानं आठवडा गेला असता."

"पोच कुठाय?"

तिनं रुमालाचा बोळा मुठीत दाबला. मग म्हणाली, "हेडक्लार्क जागेवर नव्हते. टेबलावरच्या ट्रेमध्ये लिफाफा ठेवला आणि गेले. घाई होती."

"संमती आली नाही, तेव्हा विचारलं नाहीत?"

"मला दुसऱ्या दोन कामांवर पाठवलं. आणि आमच्याकडून स्मरणपत्र जात नाही, सर. ज्याला काम हवंय त्यानं पाठवायचं. त्यांच्याकडून काही आलं नाही, म्हणून मला वाटलं, निधी मिळाला नसेल."

"लिफाफ्यात काय काय होतं?"

तिनं तिच्याकडची प्रत दिली. अंदाजपत्रक, कोरं संमतीपत्र आणि एक टीप. टिपेत लिहिलं होतं, संमती मिळेपर्यंत गॅलरीत एका वेळी दोनपेक्षा अधिक व्यक्तींनी थांबू नये. जड सामान हलवावे.

अधिकाऱ्यानं प्रतीची घडी घातली. "मॅडम, लिफाफा इथं आला होता. एवढं मी आत्ताच सांगतो. कोणीतरी तो उघडला, वाचला आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दाराला त्यातली दोन वाक्यं लावली."

"मग संमती का नाही दिली?"

"तेच बघायचंय."

अधीक्षक, म्हणजे मावशीचे मोठे डॉक्टर, त्याला उभ्याउभ्याच भेटले.

"यंदा निधी किती कामांना पुरणार होता?"

"एका."

"तुम्हाला कोणतं हवं होतं?"

"ऑपरेशनच्या खोलीची फरशी. लपवायचं काय त्यात? गॅलरीच्या मागणीपत्रावर मी सही केली ती हेडक्लार्कनं चार वेळा फाइल समोर आणली म्हणून. सहीशिवाय तो माणूस हलत नाही."

"म्हणजे अंदाजपत्रक हरवलं तर तुमची फरशी झाली असती."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मी ते पाहिलेलंच नाही."

"दारावरचा कागद?"

"तोही माझा नाही. मला वाटलं, कुंड्यांना पाणी घालायचा मावशीला कंटाळा आला, म्हणून तिनंच लावला."

हेडक्लार्क आपल्या खुर्चीत होते. बायको जाऊन चार दिवस झाले होते आणि ते कामावर आले होते. टेबलावर आवक आणि जावक वह्या काढून ठेवलेल्या, हव्या त्या पानांत कागदाच्या पट्ट्या घातलेल्या. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

"आज सुट्टी घ्यायची होती," अधिकारी म्हणाला.

"घरी काय करू?"

अधिकाऱ्यानं वह्या ओढल्या. जावक वहीत गॅलरीचं मागणीपत्र होतं. पंधरा दिवसांनी पहिलं स्मरणपत्र. आणखी पंधरा दिवसांनी दुसरं. मग तिसरं. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. मागच्या पानांवर मोरीच्या गळक्या नळासाठी नऊ स्मरणपत्रं होती.

"नऊ?"

"दहाव्याआधी नळ दुरुस्त झाला." हेडक्लार्क किंचित हसल्यासारखे झाले आणि थांबले.

"इथं आलेलं अंदाजपत्रक कोणाच्या हातात पडतं?"

"माझ्या."

"गॅलरीचं आलं होतं?"

"आवक वहीत नोंद नाही."

"मी वहीचं विचारलं नाही."

हेडक्लार्कनी पट्ट्या सरळ केल्या. "वहीत नाही, साहेब," ते पुन्हा म्हणाले.

अधिकारी बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. त्याची बायको गेल्याला अकरा महिने झाले होते. इस्पितळाचा वास त्याला अजून सहन होत नव्हता. मग तो उठला आणि अधीक्षकांना व इंजिनिअरला हेडक्लार्कच्या खोलीत बोलावलं. साडेतीन वाजले होते. त्यानं दार लोटून घेतलं.

"फार लांबण लावत नाही," तो म्हणाला. "अंदाजपत्रक सोमवारी आलं. मंगळवारी दारावर त्यातलीच वाक्यं लागली. म्हणजे ते या इमारतीत कोणाकडे तरी होतं. डॉक्टर, मला आधी तुमचा संशय आला. तुम्हाला फरशी हवी होती."

"मी सांगितलं ना..."

"ऐका. तुम्ही लिफाफा उचलला असता, तर हेडक्लार्कना ते कळलं नसतं. त्यांना वाटलं असतं, बांधकाम खातं अजून झोपलंय. मग त्यांनी काय केलं असतं?"

त्यानं जावक वही पुढे ओढली.

"चौथं स्मरणपत्र पाठवलं असतं. मग पाचवं. हा माणूस नळासाठी नऊ पाठवतो. आणि जिथं त्याची बायको रोज बसते त्या गॅलरीसाठी तीन पाठवून सात आठवडे गप्प बसतो? स्मरणपत्र कधी थांबतं? मागितलेली गोष्ट मिळाली की. ती यांना मिळाली होती."

हेडक्लार्क वहीकडे बघत होते.

"पण का?" डॉक्टर म्हणाले. "काम तर त्यांनाच हवं होतं!"

"हवं होतं. भिंतीला भेग होती, बायको तिथं बसायची. दुरुस्ती मागितली. मग लिफाफा उघडला आणि संमतीपत्राखालची अट वाचली. सही झाली की त्याच दिवशी कुलूप. सहा महिने." अधिकाऱ्याचा आवाज खाली आला. "हेडक्लार्क, डॉक्टरांनी तुमच्या बायकोला किती दिवस सांगितले होते?"

"चार महिने," हेडक्लार्क म्हणाले.

इंजिनिअरनं तोंडावर हात ठेवला.

"कुलूप सहा महिन्यांचं होतं," ते म्हणाले. "तिचे चारच होते. मी हिशेब केला. टिपेत दोन माणसं चालतील असं होतं. दोनच तर होतो आम्ही. कुंड्या काढल्या, खुर्च्या काढल्या, बाकीच्या बायकांना थांबवलं. मला वाटलं, नियमानं चाललंय. ती गेली की सही करून पाठवायची. चार महिन्यांचा तर प्रश्न."

त्यांनी खण उघडून लिफाफा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"त्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मी आत गेलो. तांब्या भरून वळलो, तर दाराबाहेर काहीच नव्हतं."

कोपऱ्यात डॉक्टर खाली बसले.

"आणि या मॅडमवर ठपका आला, तेव्हा?" अधिकाऱ्यानं विचारलं. हा प्रश्न त्याला टाळता येत नव्हता.

"पहिले दोन दिवस मला काही ऐकूच येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऐकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं." त्यांनी इंजिनिअरकडे बघितलं. "भ्यालो, बाई. मी मारलं तिला, हे तोंडानं म्हणावं लागलं असतं."

अधिकाऱ्यानं लिफाफा उचलून आतले कागद पाहिले.

"तुम्हाला कसं कळलं?" हेडक्लार्कनी विचारलं. "स्मरणपत्रांवरून शंका येईल. पण कारण?"

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "माझ्या बायकोचा रिपोर्ट मी एकोणीस दिवस कपाटात ठेवला होता. ती रोज विचारायची, आला का हो? मी म्हणायचो, अजून नाही. त्या एकोणीस दिवसांत आम्ही दोनदा फिरायला गेलो." त्यानं चष्मा पुसला. "उपचार तेवढेच उशिरा सुरू झाले."

जबाब लिहायला तो शेजारच्या खोलीत गेला. इंजिनिअर मागोमाग आली.

"अहवालात तुमचं नाव दोषी म्हणून येणार नाही," तो म्हणाला. "पोच घेतली नाही, एवढं येईल. ते मला लिहावंच लागेल."

तिनं मान हलवली, पण गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"सर, त्यांनी मला एक फोन केला असता ना..."

"काय झालं असतं?"

"मी खालून टेकू लावून दिले असते. लोखंडी. एका दिवसाचं काम. धोका आहे असं वापरणाऱ्यानं नुसतं कळवलं, की टेकू आमच्या खर्चानं लागतात. त्याला मागणीपत्र लागत नाही, संमती नाही, निधी नाही. आणि कुलूपही लागत नाही. वर्षभर बसली असती ती तिथं."

अधिकारी लिहायचा थांबला.

"त्यांना हे ठाऊक नव्हतं?"

"आमच्या खात्याचे नियम त्यांना कोण सांगणार? ते फक्त त्यांच्या बाजूचे कागद ओळखायचे. मला वाटलं, आठवडाभरात संमती येईल, म्हणून मीही टिपेत लिहिलं नाही. एक ओळ, सर. एक ओळ लिहायला हवी होती."

साडेचारला जबाब तयार झाला. फाटकापासून दोन पोलीस वर येऊन व्हरांड्यात थांबले. हेडक्लार्कनी जबाब सावकाश वाचला.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे घाला. नाहीतर लोक म्हणतील, तिनंच हट्ट केला."

अधिकाऱ्यानं ते वाक्य घातलं.

हेडक्लार्कनी पेन उचललं. मग ते तसंच हातात धरून त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला विचारायचा मला हक्क नाही. पण तुम्ही यातल्या जाणकार. दुसरा काही मार्ग होता का? तिला तिथं बसूही देता आलं असतं आणि..." त्यांना वाक्य पुरं करता येईना.

अधिकारी खिडकीबाहेर बघू लागला.

इंजिनिअर टेबलापाशी आली. चार दिवस तिनं झोप पाहिली नव्हती. या माणसाच्या गप्प बसण्यानं तिची नोकरी जवळजवळ गेली होती आणि ती तुरुंगाच्या दारात उभी राहिली होती. तिनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं आणि बरोबर काजात घातलं.

"नाही, काका," ती म्हणाली. "काही मार्ग नव्हता."

हेडक्लार्क तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि सही कुठे करायची ते विचारलं.