टाकीवरची जागा

दरवर्षी मृगाच्या आधी ओतूरच्या बाजारात मी एक काम न चुकता करते. जाड पिवळा प्लास्टिकचा कागद घेते. दुकानदार विचारतो, कांद्याची आरण झाकायला का छपराला? मी म्हणते, गाडीला. मग तो पुढं काही विचारत नाही.

गाडी म्हणजे आमच्या ह्यांची मोटारसायकल. तिला पावसात कसं जपायचं ते मला इब्राहिमभाईंनी शिकवलं. स्टँडामागं त्यांचं गॅरेज आहे, गाडी नवी असल्यापासून त्यांच्याच हाताखालची. प्लगवर दुधाची रिकामी पिशवी बांधायची. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा. चेनीला जुनं ऑईल, चाकाखाली फळी. वर म्हणाले, "पण वैनी, पुरी गुंडाळू नका. झाकल्या लोखंडाला आतल्या आत घाम येतो."

मी मान हलवली. आमच्या गाडीवर येतं ते पाणी घामाचं नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं.

सहा वर्षांमागचा आषाढ होता. स्वराज दीड वर्षाचा, तापानं फणफणलेला. मीच ह्यांना म्हणलं, काही करा, पण औषध घेऊन दिवस मावळायच्या आत या. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. हे परत आले तेव्हा ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. ह्यांनी गाडी अलीकडं चढावर बाभळीखाली लावली. अंगातला रेनकोट काढून तिच्यावर टाकला, सुतळीनं बांधला, आणि स्वतः पायी पाण्यात उतरले.

तिसऱ्या दिवशी कोसभर खाली सापडले. खिशात औषधाची बाटली होती, बूच न उघडलेलं. आणि गाडी रेनकोटाखाली कोरडी ठणठणीत.

लोकं म्हणाली, संपतनं गाडी जपली अन् जीव घालवला. घाई कोणी लावली होती ते मला एकटीला माहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. झाडावर चार-पाच बसलेले. एखादा खाली यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि मागं सरायचा. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द दिला, की कावळा शिवतो. माझे दीर भरतभाऊजी म्हणाले, आईला अंतर देणार नाही. नाही शिवला. सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, देवाला जायचं कबूल केलं. तरी नाही. मग मला पुढं केलं.

मी हात जोडले. म्हणलं, "स्वराजला मी सांभाळीन. त्याची काळजी करू नका तुमी."

खाली आलेला कावळा उडून परत झाडावर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं. बायका कुजबुजायला लागल्या. भावकीतले चिमाजीतात्या हळूच म्हणाले, "पोरी, आजून काय आसंल ते बोल." मला काही सुचत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तुमची गाडी भिजू देणार नाय मी."

शब्द संपायच्या आत कावळा शिवला.

सगळ्यांनी श्वास सोडला. कोणीतरी म्हणालंसुद्धा, संपतचा जीव गाडीतच होता. मला मात्र आत कुठंतरी लागलं. पोराचं कबूल केलं ते नको, आणि गाडीचं हवं?

पहिल्या वर्षी गाडी पडवीत ठेवली, वरून कागद, त्यावर घोंगडी. मोठा पाऊस झाल्यावर सकाळी कागद काढला, तर सीट ओली. कागद आतून कोरडा, घोंगडी कोरडी, वरचं कौल शाबूत. फक्त चालवणारा बसतो तेवढीच जागा भिजलेली. हात फिरवला तर बोटांना बारीक वाळू लागली, आणि वास आला ओढ्याच्या गढूळ पाण्याचा.

मग भरतभाऊजींच्या हातानं गाडी उंबऱ्यावरून आत घेतली, माजघरात. तरी तेच. रोज नाही. फरशीवरून पाणी जाईल असा पाऊस झाला की, त्याच दिवशी. आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी पदरानं सीट पुसली आणि म्हणाल्या, "भिताडाला वल येती, बाई. कुनाला बोलू नको."

त्यानंतर मी पुसत गेले. खरं सांगते, भीती नव्हती वाटत. वाटायचं, एवढ्या पावसातनं येतात, घडीभर टेकतात. टेकू द्यावं.

दोन वर्षं अशी गेली. स्वराज साडेतीन वर्षांचा झाला. त्या दिवशी आत्याबाई लेकीकडं निरगुडसरला गेलेल्या. सकाळपासून झोडपत होतं. दुपारीच इतकं अंधारून आलं, की गाई हंबरायला लागल्या. लाईट गेलेली. स्वराज निजला होता. मी कडी लावून गोठ्यात वैरण टाकायला गेले, आणि टाकता टाकता आवाज आला.

टण्.

गाडी स्टँडवरून उतरवताना होतो, तो. ती माजघरात आणल्यापासून ऐकला नव्हता, पण कान विसरत नाहीत.

मी धावत आले. कडी तशीच होती. दार उघडलं तर माजघरात ओढ्याचा वास भरलेला. गाडी स्टँडवरून उतरून दाराकडं तोंड करून उभी. खाली काही टेकू नाही, आणि पडत नव्हती. पिवळा कागद बाजूला, चौघडी घालून ठेवलेला. हे रेनकोटाची घडी घालायचे, अगदी तशी.

टाकीवर स्वराज बसला होता. त्याचा पाय खालच्या फूटरेस्टपर्यंतसुद्धा पुरत नव्हता. चढला कसा? दोन्ही हात हँडलवर, हे त्याला पुढं घेऊन वस्तीवर फिरवायचे तसा.

"स्वराज... खाली ये, बाळा."

"थांब की," तो हळूच म्हणाला. "पप्पा बसल्यात."

मी त्याला ओढून उचललं, तशी गाडी भिंतीवर कलंडली. पोराला उराशी धरलं. पुढून सदरा कोरडा. मग पाठीवर हात गेला. पाठ सगळी भिजलेली. थंडगार. मागं कोणी ओलंचिंब बसून त्याला पोटाशी धरून ठेवावं, तशी.

तेव्हा मला, स्वराजला मी सांभाळीन म्हणल्यावर झाडावर परत जाऊन बसलेला तो कावळा आठवला.

कुठनं बळ आलं माहीत नाही. पोराला भिंतीपाशी उभं केलं आणि गाडी दाराकडं ढकलली. एरवी भरतभाऊजींना दम लागायचा. त्या दिवशी ती उंबऱ्यावरून अशी गेली, जशी जायलाच निघाली होती. अंगणात पावसात उभी केली, स्टँड लावला, आत आले. स्वराजला कडेवर घेऊन दारातून बघत राहिले. मनात म्हणत होते, भिजू दे. शब्द मोडला तर मोडला.

पाऊस धारांनी पडत होता. हँडल भिजलं, चाकं भिजली, मागची सीट निथळायला लागली. पण पुढच्या सीटवर पाऊस पोचत नव्हता. वरच्या वरच फुटून दोन्ही बाजूंनी ओघळत होता. खांद्यावरून ओघळावा तसा. ओघळ कुठनं वाकतात ते मला दिसत होतं. मान खाली घातलेली होती.

टाकीवर मात्र पाऊस सरळ पडत होता. ती जागा रिकामी होती.

स्वराजनं तिकडं हात केला.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. हे हलले नाहीत. ओढ्यात उतरले तेव्हाही अंगावर रेनकोट नव्हता, आताही नव्हता. ते दिवस मावळायच्या आत आले होते हो, मी म्हणलं होतं तसं. मला ते बघवलं नाही. स्वराजला शेजारी लंकाबाईंकडं ठेवून आले, आणि गाडी परत आत घेतली. पुसली, कागद घातला.

"गाडी न्यायची तर न्या," मी अंधारात म्हणलं. "त्याला नगा नेऊ."

थेंब तेवढे गळत होते, सीटवरून खाली.

तेव्हापासून मी एक करते. पावसाळा लागला, की टाकीवर पिठाचा डबा ठेवते, दहा किलोचा, काठोकाठ भरून, आणि दोरीनं बांधते. ती जागा रिकामी ठेवत नाही. स्वराजला गाडीजवळ जाऊ देत नाही. यंदा तो दुसरीत गेला. अंगानं भरलाय, वडलांवर गेलाय.

मोठा पाऊस झाला, की सकाळी डबा खाली उतरवून ठेवलेला असतो. दोरी सोडून तिची गुंडाळी केलेली. पीठ जरासुद्धा सांडलेलं नसतं. आतापर्यंत तो चाकापाशी असायचा.

काल सकाळी स्वराजच्या उशाशी होता.